खिडकीमागे माणूस हवा

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : अनुदानित महाविद्यालयांतील शिक्षकेतर पदे आणि त्यांचे नियोजन

महोदय,



प्राध्यापकांच्या रिक्त पदांबद्दल आपल्याकडे निवेदनांचा ढीग पडलेला असणार. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षे राबणाऱ्या, नेट-सेट आणि पीएच.डी. झालेल्या मुलामुलींचे दुःख खरे आहे. त्यांच्या मागणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण महाविद्यालयात आणखी एक खुर्ची रिकामी आहे आणि तिची बातमी क्वचितच होते. ती कार्यालयातल्या लिपिकाची खुर्ची. हे पत्र तिच्याबद्दल आहे.

एका तालुक्याच्या गावच्या अनुदानित महाविद्यालयात मी कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि कार्यालय अधीक्षक म्हणून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. प्रवेश, शिष्यवृत्ती, परीक्षा, पगारबिले, पेन्शनच्या केसेस, लेखापरीक्षण ही सगळी टेबले मी सांभाळली आहेत. त्या अनुभवावर एकच गोष्ट आपल्यासमोर मांडायची आहे. शासन महाविद्यालयाला दर वर्षी नवे काम देते, पण ते काम कोण करणार हे कोणत्याही आराखड्यात लिहिलेले नसते. याची झळ सर्वांत आधी ज्याला लागते तो विद्यार्थी बहुधा घरातला पहिलाच पदवीला आलेला असतो.

शिष्यवृत्तीचेच काम घ्या. शासनाच्या महाडीबीटी पोर्टलवर विद्यार्थी अर्ज भरतो. तो अर्ज आधी महाविद्यालयातल्या लिपिकाच्या लॉगिनला येतो, मग प्राचार्यांच्या, आणि तिथून समाजकल्याण, आदिवासी विकास, इतर मागास बहुजन कल्याण किंवा उच्च शिक्षण विभागाकडे जातो. भारत सरकार शिष्यवृत्ती, फ्रीशिप, राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, प्रत्येक योजनेचे निकष वेगळे आणि कागद वेगळे. लिपिकाने प्रत्येक कागद उघडून पाहायचा असतो. उत्पन्नाचा दाखला गेल्या वर्षाचा असतो. आधारवर नाव एक आणि गुणपत्रिकेवर दुसरे असते. बँक खाते आधारशी जोडलेले नसते. सायबर कॅफेत घाईघाईने भरताना अभ्यासक्रमच चुकीचा निवडलेला असतो. अर्ज परत पाठवला की पोर्टल मोबाइलवर संदेश टाकते, पण तो नंबर वडिलांचा, कॅफेवाल्याचा किंवा केव्हाच बंद पडलेल्या सिमचा असतो. तेव्हा वर्गात निरोप पाठवावा लागतो, वर्गात मूल नसेल तर त्याच्या गावच्या दुसऱ्या मुलाला गाठावे लागते, आणि ते आले की समोर बसवून एकेक रकाना दुरुस्त करून घ्यावा लागतो. एका अर्जाला कधी पाच मिनिटे लागतात, कधी तीन दिवस. मुदत संपली की पोर्टल बंद होते आणि अर्ज तिथेच पडून राहतो.

हे काम करायला अनुभवी लिपिक असेल तर तो जुलैतच मुलांना सांगतो की आत्ताच तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्याला टाका, नंतर गर्दी होते. कोणत्या वस्तीवरची मुले ऊसतोडीच्या हंगामात आईवडिलांबरोबर जातात आणि दिवाळीनंतर दिसत नाहीत, हे त्याला माहीत असते. ही माहिती कोणत्याही शासन निर्णयात नसते. ती त्या खुर्चीवर काही वर्षे बसलेल्या माणसाच्या डोक्यात असते. खुर्ची रिकामी झाली की ती माहितीही जाते.

शिवाय काम एका जागी थांबलेले नाही. २०२१ पासून अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. ही पद्धत विद्यार्थ्याच्या दृष्टीने योग्यच आहे. पण शुल्काची रक्कम मग विद्यार्थ्याकडून महाविद्यालयाकडे यायची असते, आणि कोणाच्या खात्यात किती आले, कोणाचे किती बाकी आहे याचा विद्यार्थीनिहाय हिशेब कार्यालयाला ठेवावा लागतो. ज्या घरात पैसे येताच किराण्याचे देणे भागवले गेले, त्या घरातल्या मुलीशी शुल्काबद्दल बोलायचे म्हणजे हिशेबाइतकीच माणुसकीही लागते. २०२४ च्या जुलैत व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी देण्याचा निर्णय झाला. मी त्या निर्णयाचे मनापासून स्वागत करते. त्याची पडताळणीही कार्यालयाच्या त्याच खिडकीवर होते.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाकडे येते. संलग्न महाविद्यालयांत ते २०२४-२५ पासून लागू झाले. पूर्वी प्रथम वर्ष कलेच्या विद्यार्थ्याचे विषय आम्ही एका ओळीत लिहायचो. आता मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, एईसी, व्हीईसी, आयकेएस अशा रकान्यांत प्रत्येकाची निवड वेगळी. मायनर बदलायचा असेल तर अर्ज, प्रत्येक सत्राचे श्रेयांक वेगळे, प्रत्येकाचे श्रेयांक बँकेतले खाते, प्रत्येकाचा अपार क्रमांक आणि त्यावरचे नाव गुणपत्रिकेशी जुळवणे. पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायची सोय, दुसऱ्या वर्षानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी, चौथ्यानंतर ऑनर्स. मध्येच शिक्षण सुटणाऱ्या मुलींसाठी ही सोय फार मोलाची आहे, कारण लग्नामुळे दुसऱ्या वर्षी शिक्षण सोडणारी मुलगी पूर्वी रिकाम्या हाताने जायची. पण ही सोय प्रत्यक्षात यायची तर तिचे श्रेयांक वेळेवर चढलेले हवेत, आणि काही वर्षांनी ती परत आली तर तिची नोंद सापडली पाहिजे. त्या नोंदीची जबाबदारी जनरल रजिस्टर सांभाळणाऱ्या टेबलाची आहे. ते टेबल रिकामे असेल तर धोरणातली ही सगळ्यांत उदार तरतूद कागदावरच राहील.

याच्या जोडीला एआयएसएचई या उच्च शिक्षण सर्वेक्षणाची वार्षिक माहिती, नॅकची माहिती, सेवार्थ प्रणालीवरची पगारबिले, माहिती अधिकाराचे अर्ज, विद्यापीठाचे परीक्षा अर्ज आणि अंतर्गत गुणांच्या नोंदी. प्रत्येकाचे पोर्टल वेगळे, पासवर्ड वेगळा, मुदत वेगळी. संगणकाने काम कमी होईल असे आम्हालाही वाटले होते. पगाराच्या बाबतीत ते थोडेफार झालेही. विद्यार्थ्यांच्या कामात मात्र पूर्वी जी माहिती एकदा लिहायचो ती आता चार ठिकाणी भरायची आणि चारही ठिकाणी जुळवायची, असे झाले आहे.

आमच्या सेवाशर्ती ठरवणारी प्रमाण संहिता १९८४ ची आहे. प्रबंधक, अधीक्षक, मुख्य लिपिक, वरिष्ठ लिपिक, कनिष्ठ लिपिक, प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय परिचर, शिपाई ही पदांची उतरंड टाइपरायटर आणि कार्बन पेपरच्या काळात बसवलेली आहे. त्या उतरंडीत शिष्यवृत्ती कक्ष नाही, संगणक प्रणाली सांभाळणारा नाही, विद्यार्थी समुपदेशक नाही. ती कामे कुणाच्या तरी टेबलावर ‘अतिरिक्त’ म्हणून येतात. त्यातच पदे रिकामी राहिली की एका लिपिकाकडे तीन टेबले येतात, आणि सहायक प्राध्यापक शिकवणे बाजूला ठेवून परीक्षा अर्ज तपासत बसतो.

२०१८ मध्ये शासनाने भरतीला मान्यता दिली तेव्हा मंजुरी ४,७३८ पदांना होती : ३,५८० सहायक प्राध्यापक, १३९ शारीरिक शिक्षण संचालक, १६३ ग्रंथपाल आणि ८५६ प्रयोगशाळा सहायक. त्या यादीत लिपिक कुठेच नव्हता. ती भरतीही पूर्ण झाली नाही. २०२० च्या मे महिन्यात वित्त विभागाने भरती थांबवली आणि २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये सहायक प्राध्यापकांच्या उरलेल्या २,०८८ पदांना वाट मिळाली. महामारीत तिजोरीवर ताण होता हे समजण्यासारखे आहे. पण पदे दहा-दहा वर्षे तुंबवायची आणि मग त्यांतली काही टक्के एकदम सोडायची, याला नियोजन म्हणता येत नाही. २०२३ च्या फेब्रुवारीत विद्यापीठांतल्या आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी संप केला तेव्हा परीक्षांचे वेळापत्रक कोलमडले. ठरावीक सेवेनंतर वरची वेतनश्रेणी देणाऱ्या आश्वासित प्रगती योजनेबरोबर रिक्त पदे भरा ही मागणीही त्यात होती. पण चर्चा वेतनाचीच जास्त झाली.

महोदय, नोकरशाहीत भविष्यातल्या फार थोड्या गोष्टी आधी ठाऊक असतात. निवृत्तीची तारीख ही त्यांतली एक. माणूस रुजू होतो त्या दिवशीच त्याच्या सेवापुस्तकात जन्मतारीख लिहिली जाते. सेवार्थवर ती नोंद आहे, उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला ती दिसते. तरीही माणूस निवृत्त झाल्यावरच त्याच्या जागेचा प्रस्ताव हलतो. मग आरक्षणाची बिंदुनामावली अद्ययावत करायची, मागासवर्ग कक्षाकडून तपासून घ्यायची, सहसंचालकांमार्फत ना हरकत मागायची, त्रुटी निघाली की प्रस्ताव परत, मग जाहिरात, निवड समिती, मान्यता आणि शेवटी सेवार्थवर नाव. यातली कोणतीही पायरी वगळा असे मी म्हणणार नाही. आरक्षणाची तपासणी तर काटेकोरच हवी, आरक्षणाला घटनेचा आधार आहे. पण २०१९ मध्ये आर्थिक दुर्बल घटकांचे आरक्षण आले, मराठा आरक्षणाचा आधीचा कायदा २०२१ मध्ये रद्द झाला, २०२४ मध्ये नवा आला, आणि प्रत्येक वेळी बिंदुनामावली नव्याने करावी लागली. तपासणाऱ्या कक्षाला कालमर्यादा नसल्याने प्रस्तावाचे घोंगडे भिजत पडते, आणि तोवर पुढचा माणूस निवृत्त होतो.

मधल्या काळात संस्था काय करते? आपल्या निधीतून, ठोक मानधनावर, गावातलाच एखादा पदवीधर मुलगा ठेवते. ही मुले हुशार असतात, पोर्टल आमच्यापेक्षा लवकर शिकतात. पण त्यांना ना वेतनश्रेणी, ना रजा, ना उद्याची खात्री. स्पर्धा परीक्षेत निवड झाली किंवा पुण्यात नोकरी लागली की मुलगा जातो आणि पोर्टलचा ओटीपी त्याच्या मोबाइलवर येत राहतो. शेकडो विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले अशा माणसाच्या हाती असतात ज्याच्याशी शासनाचे कोणतेही नाते नाही. त्याने चूक केली तर जबाबदार कोण, याचे उत्तर मला कुठल्याच परिपत्रकात सापडलेले नाही. कनिष्ठ लिपिकाचे मूळ वेतन सातव्या आयोगानुसार १९,९०० रुपयांपासून सुरू होते. एका महाविद्यालयातल्या किती मुलांची शिष्यवृत्ती एका वर्षी बुडाली तर तेवढ्या वेतनाची बरोबरी होते, हा हिशेब वित्त विभागाने एकदा मांडून पाहावा.

बाह्ययंत्रणेचा मार्गही मला मान्य नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरतीचा निर्णय झाला आणि ऑक्टोबरमध्ये तो रद्द करावा लागला. रद्द केला हे चांगले झाले. त्याआधी, २०२० च्या डिसेंबरमध्ये माध्यमिक शाळांतल्या शिपाई पदांऐवजी ठोक भत्ता देण्याचा निर्णय झाला होता. ती कल्पना महाविद्यालयांच्या कार्यालयांपर्यंत येऊ नये. सफाईचे आणि बागेचे काम बाहेरून करून घ्यायचे असेल तर त्यावर वाद घालता येईल. विद्यार्थ्यांच्या नोंदी आणि सरकारी पैशाचा हिशेब मात्र कायम कर्मचाऱ्याकडेच हवा.

माणसांशिवाय योजना आल्यावर काय होते याचा एक अनुभव सांगते. बाराव्या पंचवार्षिक योजनेत विद्यापीठ अनुदान आयोगाने महाविद्यालयांतच कम्युनिटी कॉलेज सुरू करण्याची योजना आणली. १९०१ मध्ये जोलिएट इथे सुरू झालेल्या कॉलेजपासून अमेरिकेत ही परंपरा वाढली. जवळच्या गावातल्या, नोकरी करणाऱ्या, शिक्षण मध्येच सुटलेल्या माणसाला कमी खर्चात उपयोगी शिक्षण देणे हा तिचा गाभा, आणि तो आपल्या तालुक्यांना अगदी लागू पडतो. आम्ही अन्नप्रक्रियेचा अभ्यासक्रम घेतला. त्यात शिकायला बचत गटातल्या बायका आल्या, बारावी नापास झालेली मुले आली. अनुदानातून यंत्रे आली, अतिथी शिक्षकांचे मानधन आले. कार्यालयासाठी एकही पद आले नाही. वेगळे खाते, वेगळी परीक्षा, उद्योगांशी करार, उपयोगिता प्रमाणपत्र हे सारे आमच्याच आस्थापना टेबलावर आले. अनुदानाची मुदत संपली तेव्हा अभ्यासक्रम पुढे चालवायचा तर पाठपुरावा करणारे माणूस हवे होते, ते नव्हते. यंत्रांवर कापड झाकले गेले आणि त्या बायकांचे शिक्षण तिथेच थांबले. तो वर्ग बंद पडायला विद्यार्थ्यांची किंवा शिक्षकांची कमतरता कारणीभूत नव्हती.

कम्युनिटी कॉलेजची कल्पना जिथून आली त्या देशातही माणसांअभावी असे घडले आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सिटी कॉलेजला २०१२ मध्ये तिथल्या मूल्यांकन आयोगाने मान्यता का काढू नये याची कारणे दाखवायला सांगितले. आक्षेपांचा रोख वर्गातल्या शिकवण्यावर नव्हता. नियोजनाचा अभाव, अपुरी गंगाजळी आणि प्रशासन सांभाळणाऱ्या माणसांची कमतरता हे त्यातले ठळक मुद्दे होते. २०१३ मध्ये मान्यता काढण्याचा निर्णय झाला, प्रकरण न्यायालयात गेले, आयोगाचीही कार्यपद्धती चुकल्याचे न्यायालयाने म्हटले, आणि पूर्ण मान्यता परत मिळायला २०१७ उजाडले. तोवर विद्यार्थीसंख्या घसरत गेली होती. आपल्याकडे नॅकच्या निकषांत प्रशासन, नेतृत्व आणि व्यवस्थापनाचाही एक निकष आहे. ज्या कार्यालयात पदेच भरलेली नाहीत त्या महाविद्यालयाकडून त्या निकषावर गुणांची अपेक्षा धरणे न्याय्य नाही.

२०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात नियोजनाची जागा आहे. कलम १०७ प्रमाणे विद्यापीठ बृहत् आराखडा करते, त्यातून नवी महाविद्यालये कुठे हवीत हे ठरते. कलम ९७ प्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात विकास समिती असते, तिच्यावर शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असतो, आणि शैक्षणिक, प्रशासकीय व भौतिक वाढीचा आराखडा करणे हे तिचे काम आहे. मी अशा बैठकांना बसले आहे. प्रशासकीय वाढीचा विषय आला की सभागृह गप्प होते, कारण पद मंजूर करण्याचा अधिकार त्या खोलीतल्या कुणाकडेच नसतो. तो आपल्याकडे आहे.

म्हणून माझी मागणी अशी. दर जानेवारीत सहसंचालकांनी पुढच्या दीड वर्षात निवृत्त होणाऱ्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची यादी सेवार्थवरून काढावी आणि त्या जागा भरण्याची परवानगी त्याच वेळी द्यावी. बिंदुनामावली तपासणीला मुदत असावी आणि त्या मुदतीत त्रुटी कळवली गेली नाही तर प्रस्ताव पुढे जावा. नवा माणूस जुन्याच्या निवृत्तीआधी रुजू व्हावा. एक महिना दोघे एका टेबलावर बसले तर वित्त विभागाचे काही बिघडणार नाही, आणि त्या टेबलावरचे काम एक दिवसही थांबणार नाही. पदसंख्या केवळ विद्यार्थीसंख्येवर ठरवू नये. शंभर विद्यार्थ्यांपैकी ऐंशी जणांची शिष्यवृत्ती असलेले धडगावचे किंवा किनवटचे महाविद्यालय आणि शंभरातले दहाच अर्ज करणारे शहरातले महाविद्यालय यांच्या कार्यालयांतले काम सारखे कसे मानायचे? मराठवाडा, विदर्भ, खानदेश, कोकण, पश्चिम महाराष्ट्र इथल्या काही महाविद्यालयांत एक वर्षभर प्रत्यक्ष कामाचे मोजमाप करा आणि नवा आकृतिबंध त्यावर बांधा. अगदी लहान महाविद्यालयांना स्वतंत्र लेखापाल परवडणार नसेल तर जवळच्या दोन-तीन महाविद्यालयांत एक कायम लेखापाल द्या. आणि यापुढे विभागाचा जो शासन निर्णय महाविद्यालयावर नवे काम टाकील, त्यात हे काम कोणते पद करील हे लिहिलेले असावे. ते लिहिता येत नसेल तर तो निर्णय काढायची वेळ झालेली नाही असे समजावे.

कायम विनाअनुदानित महाविद्यालयांची अवस्था याहून बिकट आहे. तिथल्या कर्मचाऱ्यांनी ती स्वतः मांडावी, मी तिथे काम केलेले नाही.

सुरुवात करायला नवा निधी लागत नाही. सगळ्या विभागीय सहसंचालकांकडून पुढील महिन्यापर्यंत एकच माहिती मागवा : किती अनुदानित महाविद्यालयांत शिष्यवृत्तीचे टेबल कायम लिपिकाकडे आहे, किती ठिकाणी मानधनावरच्या माणसाकडे, आणि किती ठिकाणी ते प्राध्यापक सांभाळतो. ती माहिती तालुकानिहाय जाहीर करा, आणि प्रवेश सुरू होण्याआधी पहिल्या टप्प्यात ती पदे भरायला घ्या.

आपली नम्र,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक